एकीची परवानगी

मराठी शाळेत आम्ही करंगळी वर करून विचारीत असू, "बाई, एकीला जाऊ?" शेजारच्या कन्नड शाळेतली मुले म्हणत, "ओंदक्के होगली?" ओंदु म्हणजे एकच. सीमाभागात भाषांचे जुळत नाही म्हणतात. इथे मात्र त्या तंतोतंत जुळतात! आणि दोन्हीकडे उत्तरही पुष्कळदा एकच मिळे : "आत्ताच सुट्टी झाली ना? बस खाली!"

निपाणीकडची माझी मामेबहीण सात वर्षांची. दिवसा तिचे कपडे ओले होत. शाळेत हशा, घरी मार. मामीने तिचे पाणी तोडले. दिवसभर विड्या वळणाऱ्या मामीला तरी दोष कसा द्यावा? अखेर बेळगावला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी लघवी तपासली. कारण जंतुसंसर्ग वा मधुमेह असेल तर उपचार निराळे. मग विचारले, "शौचास साफ होते का? शाळेत लघवीला जाते का?" दोन्हींचे उत्तर 'नाही'.

काही मुलांचे मूत्राशय पुरते भरण्याआधीच आकुंचन पावते. कळ अचानक येते. मूल टाचेवर बसून ती दाबू पाहते. बद्धकोष्ठ असेल तर भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते. म्हणजे हा आळस नव्हे, खोडीही नव्हे. पाणी तोडल्याने बद्धकोष्ठ वाढतेच.

उपाय साधा : दिवसभर थोडे थोडे पाणी, दर दोन-तीन तासांनी लघवीला जाणे, पाय नीट टेकवून निवांत बसणे, पोट साफ ठेवणे आणि वहीत रोजची नोंद. (ती नोंद मी ठेवली, वाणिज्य शाखेचा घरात झालेला पहिला उपयोग!) यास महिने लागतात. एवढ्याने न भागल्यास ऑक्सिब्युटिनिनसारखे औषध, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. पाच महिन्यांनी बहिणीचे बहुतेक दिवस कोरडे जाऊ लागले.

पण दर तीन तासांचा हिशेब शाळेवाचून कसा जुळावा? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली. तथापि स्वच्छतागृह असणे वेगळे आणि त्याचे कुलूप उघडे असणे वेगळे. 2019 साली केरळात काही शाळांनी पाणी पिण्यासाठी घंटा सुरू केली. पाण्याची घंटा झाली, तर पुढची परवानगीही ओघानेच आली!

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होतील. समोर करंगळी वर होईल. तेव्हा मराठीत 'जा' म्हणा, कन्नडात 'होगु' म्हणा. पण उत्तर एकच असू द्या.

— एक विद्यार्थी, बी. कॉम. द्वितीय वर्ष