वृद्धाश्रमातील निवासी परिषदेला कायद्याचा आधार हवा



वृद्धाश्रमांविषयी महाराष्ट्रात जी चर्चा होते, ती बहुधा मुलांनी आईवडिलांना तेथे ठेवावे की नाही याभोवतीच फिरत राहते. तेथे राहायला गेलेल्या माणसाला संस्थेच्या कारभारात काही स्थान असावे की नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक हाच प्रश्न अधिक निकडीचा आहे, कारण पहिल्या वादाचा निकाल कसाही लागला तरी जे आज तेथे राहत आहेत त्यांचा दिवस कसा जावा, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

संस्थेत राहणाऱ्या वृद्धाची तक्रार दुकानातील ग्राहकाच्या तक्रारीसारखी नसते. ज्या मावशींनी रात्री चार हाका मारूनही बेडपॅन आणले नाही, त्यांच्याच हातून सकाळी अंघोळ व्हायची असते. आणि स्वयंपाक्याची पाळी संपते म्हणून रात्रीचे जेवण सहा वाजताच उरकण्याचा नियम ज्या व्यवस्थापकाने केला, त्याच्याच सहीने खोली मिळालेली असते व अनामत रक्कमही त्याच्याकडेच अडकलेली असते. तक्रारपेटी, नातेवाइकांची अधूनमधून होणारी भेट किंवा १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, हे सर्व उपाय आपापल्या जागी उपयोगी असले तरी ते तक्रारदाराला एकट्यालाच पुढे करतात, आणि एकटा माणूस नाव उघड होण्याच्या भीतीने बहुतेक वेळा गप्प राहणेच पसंत करतो. एकत्र बसून, सर्वांच्या वतीने, लेखी मागणी करण्याची सोय झाली तरच ही भीती काही अंशी ओसरते.

अमेरिकेचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. तेथे ‘नर्सिंग होम’ म्हणजे आपल्याकडचे छोटे खासगी रुग्णालय नसून, ज्यांना दीर्घकाळ शुश्रूषेची गरज आहे अशा, मुख्यतः वृद्ध, व्यक्तींचे निवासस्थान असते आणि अशा संस्थांची संख्या सुमारे १५ हजार आहे. १९८० च्या दशकात या संस्थांमधील निवाशांना खुर्चीला वा खाटेला पट्ट्यांनी बांधून ठेवण्याची पद्धत सर्रास होती. काही अंदाजांनुसार हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत होते. अशा संस्थांतील निवाशांच्या हालांविरुद्ध त्याआधीच, १९७५ मध्ये, एल्मा होल्डर यांच्या पुढाकाराने नागरिक गटांची राष्ट्रीय आघाडी उभी राहिली, आणि या आघाडीने १९८५ मध्ये १५ शहरांतील चारशेहून अधिक निवाशांनाच विचारले की चांगली शुश्रूषा कशाला म्हणावे. त्यांच्या उत्तरांत कर्मचाऱ्यांची आपुलकी, सन्मानाची वागणूक आणि रोजच्या गोष्टींत निवडीला वाव यांवर मोठा भर होता. १९८६ च्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’च्या अहवालानंतर डिसेंबर १९८७ मध्ये जो सुधारणा कायदा झाला, त्यामागे निवाशांचे हे म्हणणेही होते.

या कायद्याने आणि त्याखालील नियमांनी निवासी परिषदेला, म्हणजे निवाशांनी स्वतः चालवायच्या सभेला, जे संरक्षण दिले त्याचे तपशील महत्त्वाचे आहेत. सभेसाठी संस्थेने स्वतंत्र जागा द्यावी लागते. कर्मचारी किंवा पाहुणे निमंत्रणाशिवाय सभेत बसू शकत नाहीत. परिषदेच्या लेखी मागण्यांची दखल घेण्यासाठी परिषद व संस्था या दोहोंना मान्य असलेला एक कर्मचारी नेमावा लागतो. प्रत्येक मागणी मान्य करण्याचे बंधन संस्थेवर नसले, तरी तिने कोणती कृती केली आणि कोणत्या कारणाने, हे तिला दाखवता यावे लागते. तपासणीला येणारे सरकारी निरीक्षकही परिषदेशी बोलतात. यांतील खरे बळ उत्तरामागचे कारण दाखवण्याच्या सक्तीत आहे, कारण ‘बघू’ असे म्हणून विषय टाळण्याची सवय तिच्यामुळेच मोडते. अर्थात, जेथे कर्मचारीच विषयपत्रिका ठरवतात तेथे परिषद सहली आणि सणांच्या जेवणापुरती उरते, हेही तेथे दिसून आले आहे. म्हणून निमंत्रणाची अट दुय्यम मानता येणार नाही.

महाराष्ट्रात मात्र विचित्र विसंगती आहे. सदनिकेत राहणाऱ्या सभासदाला सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्यामुळे वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब विचारता येतो, आणि शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. तोच सभासद सदनिका विकून वृद्धाश्रमात गेला, की त्याच्या वाट्याला छापील नियमावलीवर सही करण्यापलीकडे काहीच उरत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारण्याबाबत बोलतो, परंतु निवाशांच्या सभेच्या हक्काबाबत त्याची कलमे मौन बाळगतात. वृद्धसेवा संस्थांची नोंदणी व किमान निकष आणू पाहणारे २०१९ चे दुरुस्ती विधेयकही सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले.

अशा परिषदेमुळे संस्थेत राजकारण शिरेल, हा आक्षेप व्यवस्थापनाच्या सोयीचा आहे. मतभेद तर आजही आहेत, फक्त ते कुजबुजीत राहतात. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या निवाशांचे काय, हा आक्षेप गंभीर आहे. त्यावर जर्मनीने, जेथे निवासी प्रतिनिधी मंडळाची तरतूद १९७४ च्या कायद्यापासून आहे, नातेवाइकांसारख्या बाहेरच्या विश्वासू व्यक्तींनाही निवडून देण्याची मुभा दिली आणि मंडळ बनणे अशक्य असेल तेथे स्वतंत्र प्रवक्ता नेमण्याची सोय केली. तिसरा आक्षेप परिषद कर्मचाऱ्यांच्या विरोधात जाईल असा. परंतु रात्रपाळीला मोठ्या मजल्यावर एकच मावशी असेल तर तिच्यावरील ताण निवाशांइतका कोणाला दिसतो? कर्मचारी वाढवण्याची मागणी निवाशांकडूनच येणे म्हणूनच स्वाभाविक आहे.

राज्य शासनाने यासाठी केंद्राची वाट पाहण्याचे कारण नाही. शासकीय वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना व निकष ठरवण्याचा अधिकार कलम १९ नेच राज्याला दिला आहे, अनुदानित संस्थांना अनुदानाच्या अटींतून परिषदेचा नियम लावता येतो, आणि शुल्क घेणाऱ्या खासगी संस्थांसाठी नोंदणीचा स्वतंत्र राज्य कायदा करावा लागेल. निवासी परिषद, तिची स्वतंत्र सभा, मागणीला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर आणि तक्रारीमुळे कोणालाही संस्थेतून काढण्यास मनाई, एवढ्या तरतुदी या तिन्ही ठिकाणी असाव्यात. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या परिसरातील वृद्धाश्रमांच्या निवाशांना सभासद करून घ्यावे आणि ही मागणी आपल्या आमदारांकडे लेखी नोंदवावी.