उंची-वजनाचा रकाना अंदाजाने भरू नका



जूनमध्ये शाळा उघडल्या की वह्या, गणवेश, क्लासची फी अशी पालकांची धावपळ सुरू होते. त्यात मुलाच्या तब्येतीची तपासणी कुठेच नसते. बाळ लहान असताना पुढच्या डोसची तारीख तोंडपाठ असणारे हेच आईवडील. पण पाचव्या वर्षीचा बूस्टर झाला की लसीचे कार्ड कपाटात जाते, ते जातेच. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते, हे पालकसभेत सांगितले की बहुतेकांना ती बातमीच असायची.

मी माध्यमिक शाळेत २८ वर्षे वर्गशिक्षिका होते. प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचा रकाना असतो. तो पुष्कळदा कसा भरला जातो, हे आज लिहिते. वजनकाटा बिघडलेला, निकाल दोन दिवसांवर. मग मागच्या वर्षीच्या आकड्यात चार सेंटिमीटर आणि तीन किलो मिळवायचे. मीही मिळवले. आठवीतल्या एका मुलीच्या पुस्तकात असेच १४६ लिहिले. दोन वर्षांनी, उंची वाढत नाही म्हणून तिची आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. आधीच्या वर्षांच्या नोंदी आहेत का, असे त्यांनी विचारल्यावर त्या माउलीने पिशवीतून प्रगतिपुस्तके काढून दिली. त्यातला माझा आकडा मोजलेला नव्हता. पाळी सुरू झाल्यावर मुलींची उंची थोडीच वाढते, आणि हाडांची टोके जुळली की उपचारांना वाव राहत नाही. ती वेळ निघून गेली होती. हे मी आजही विसरू शकत नाही.

म्हणूनच माझा आग्रह ‘दरवर्षी’ या शब्दावर आहे. एका वर्षाच्या आकड्यातून फारसे कळत नाही. गेल्या वर्षीशी ताडून पाहिले तर वाढ कुठे अडली, वजन कुठे सुटले, ते दिसते. आणि मुले आपणहून सांगत नाहीत. फळा अंधुक दिसणाऱ्या मुलाला वाटते, सगळ्यांनाच तसा दिसतो. तो शेजारच्या वहीतून उतरवून घेतो आणि आम्ही त्याला बोलतो म्हणून उभे करतो. परिपाठाला मुलगी चक्कर येऊन पडली की ‘उपाशी आली असेल’ म्हणून ग्लुकोजचे पाणी देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, मुलग्यांमध्ये ३१ टक्के. म्हणजे वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुली. ग्लुकोजने तो भरून येत नाही.

धडधाकट पोराला दवाखान्यात कशाला न्यायचे, उगाच चाचण्या मागे लागतील, अशी धास्ती पालकांना असते. ती अगदीच खोटी नाही. पण मी हजारोंच्या पॅकेजबद्दल बोलत नाही. उंची, वजन, डोळ्यांचा तक्ता, दात, पाठीचा कणा, रक्तदाब, स्टेथोस्कोप, वाढत्या वयात हिमोग्लोबिन. एवढ्याला अर्धा तास पुरतो. जो संधिज्वर हृदयाची झडप बिघडवतो, तो बहुधा ५ ते १५ या वयातच गाठतो. तरी स्पर्धेआधीच्या तंदुरुस्तीच्या दाखल्यावर छातीला नळी न लावताच शिक्का पडताना मी पाहिला आहे. आणखी एक: बारा-तेरा वर्षांच्या मुलांशी डॉक्टरांनी पाच मिनिटे एकट्याने बोलावे, आईवडिलांनी बाहेर बसावे. पाळीत होणारा जास्त रक्तस्राव, झोप न लागणे, परीक्षेच्या भीतीने जेवण न जाणे, हे आईसमोर निघत नाही.

सरकारची योजना नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. फिरते पथक वर्षातून एकदा शाळेत येते. पण मूळ योजना शासकीय आणि अनुदानित शाळांची. भरमसाट फी घेणाऱ्या विनाअनुदानित शाळेतले मूल त्यात बसत नाही, आणि त्याच्या पालकांना वाटते की शाळा बघत असेल. पथक येते तिथेही त्या दिवशी गैरहजर असलेले मूल राहून जाते. ‘चष्मा लागेल’ अशी चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळते.

शिक्षण आणि आरोग्य खात्याकडे माझी मागणी साधी आहे. विनाअनुदानित शाळांनाही ही वार्षिक तपासणी बंधनकारक करा. राहिलेल्या मुलांसाठी दुसरी तारीख द्या. तपासणीचा कागद प्रगतिपुस्तकाबरोबर घरी जाऊ द्या आणि त्यावरही पालकांची सही घ्या. पुढे पाठवलेले मूल प्रत्यक्ष दवाखान्यात पोहोचले का, हे महिन्याभरात विचारणारे एक माणूस प्रत्येक शाळेत नेमा. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक शाळेत चालू स्थितीतला एक वजनकाटा आणि भिंतीवर ठोकलेली उंचीची पट्टी असल्याची खात्री करा.

– एक निवृत्त वर्गशिक्षिका, कराड