पोरीच्या वेचणीची मजुरी कोणाच्या नावावर?



उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरा, म्हणून आपण वर्षानुवर्षे भांडलो. आज हमीभाव ठरवताना सरकार ती कागदावर तरी धरते. कमी धरते, ते भांडण चालूच राहील. पण आपल्या घरच्या हिशेबाचे काय?

दसरा झाला की कापूस फुटतो. वेचणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोचा दर परवडत नाही. मग आठवी-नववीतली पोरगी ओटी बांधून पराटीत उभी राहते. "आठ दिवसांनी जाईल शाळेत" असे आपण म्हणतो. तोवर ज्वारीची सोंगणी येते, दुसरी वेचणी येते, पुढे तूर येते. भावाची शाळा मात्र बुडत नाही. माझ्याच घरी हे झाले आहे, म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही.

पाळी असली तरी वावरात आडोसा नाही. म्हणून पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत. रात्री सगळ्यांची जेवणे उरकल्यावर उरेल ती भाकर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी निघाले. शाळेत आठवड्याला लोहाची एक गोळी मिळते. शाळा बुडाली की तीही बुडते. बैलाने वैरण टाकली तर आपण त्याच दिवशी डॉक्टर आणतो. पोरीला धाप लागली तर म्हणतो, नाजूक आहे.

आणि शाळा सुटली की स्थळे येतात. त्याच पाहणीत २० ते २४ वयाच्या पाचांतल्या एकीचे लग्न अठराच्या आत झालेले होते. नापिकी, कर्ज, लोकांची तोंडे, सगळे मला ठाऊक आहे. पण भाव पाडला कोणी, आणि फेडते कोण? अंगात रक्त नसलेली पोर बाळंतपणाला बसते, तेव्हा जीव तिचा जातो.

ज्या वावरात ती वेचते, त्यात तिचा वाटाही आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. आपण तिला हक्कसोडीवर सही करायला तेवढे बोलावतो.

या हंगामात एक वही घाला. पोरीने किती किलो वेचले, मजुराच्या दराने किती झाले, शाळा किती दिवस बुडाली, सगळे लिहा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर उपचार लागतो. पुढच्या जिल्हा बैठकीला वही घेऊन या. मी माझी आणतो.