कार्ट्रिजला वाली कोण?

व्हॉल्व्ह प्रीअँपवर बोलायला लागलो की आमच्यातली मंडळी आवाजाच्या 'उबे'वर तासभर बोलतात. त्या उबेच्या दुसऱ्या टोकाला जी नाजूक कार्ट्रिज बसलेली असते, तिच्याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

मीही काढलं नसतं. पण गेल्या पावसाळ्यात डाव्या चॅनेलमधून खरखर यायला लागली. आधी रेकॉर्ड धुतली, मग वायर बदलली. आठवडा गेला. शेवटी वायर काढून, प्रीअँप चालू ठेवून इनपुटवर मल्टीमीटर लावला, तर ०.४ व्होल्ट डीसी! तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. पहिला व्हॉल्व्ह ग्रिडमधून गळत होता, आणि आठवडाभर ती गळती बाबांच्या जुन्या शूर कार्ट्रिजमधून वाहत होती. शूरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणंच बंद केलं. म्हणजे गेली असती तर गेलीच. नशिबाने वाचली.

आता हिशोब बघा. कार्ट्रिज देते ५ मिलिव्होल्टच्या आसपास. ४७ किलोओहमच्या लोडमधून तिचा प्रवाह होतो सुमारे ०.१ मायक्रोअँपियर. माझी गळती होती साडेआठ, म्हणजे ऐंशी पटीहून जास्त. आणि उद्या व्हॉल्व्हच्या आत प्लेट ग्रिडला चिकटली तर? २५० व्होल्टचा पुरवठा आणि १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर धरला, तर अडीच मिलिअँपियर. पंचवीस हजार पट! तार जळेलच असं नाही, पण केसाहून बारीक तारेच्या कॉइलची अशी परीक्षा घ्यायची कशाला? लोखंडी गाभा असलेल्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमध्ये तर तो गाभाच चुंबकित होऊन बसू शकतो.

उपाय साधा आहे. ४७ किलोओहमचा रेझिस्टर इनपुटलाच ठेवा, त्यानंतर ०.१ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर, आणि ग्रिडपासून जमिनीला १ मेगओहम. खालची मर्यादा येते १.६ हर्ट्झ, म्हणजे २० हर्ट्झच्या बेसला धक्काही नाही. कपॅसिटर पहिला झटका पूर्ण अडवत नाही हे खरं, पण तो क्षणार्धात संपतो. सतत वाहणारी गळती मात्र बंद.

यावर शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतात. सिग्नलच्या वाटेत आणखी एक कपॅसिटर? अहो, त्याच वाटेत पुढे दोन-तीन कपॅसिटर आधीच बसलेत, त्यांची तक्रार कुणी करत नाही. फरक कानाला कळतो की श्रद्धेला, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर ज्या वस्तूला बदली नाही, तिच्यापुढे शुद्धतेने दोन पावलं मागे सरावं.

कपॅसिटर नको असेल तर निदान एवढं करा: व्हॉल्व्ह बदलला की कार्ट्रिज जोडण्याआधी इनपुटवर डीसी मोजा. आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून कार्ट्रिज कधीच तपासू नका, कारण तेव्हा मीटर स्वतःच तिच्यातून प्रवाह सोडतो. आवाज कमी ठेवून प्रीअँप चालू केला की झालं, असंही समजू नका. त्याने स्पीकर वाचतात, कार्ट्रिज नाही.

असो. कपॅसिटर बसवून झालाय. काल रात्री बाबांच्या रेकॉर्ड काढल्या. उबेत काही कमी झाल्यासारखं मला तरी वाटलं नाही.