नंबर कुणाचा, पत्रा कुणाचा?

(टी. ई. मेकॅनिकल)

मे महिन्याच्या सुट्टीत मामाने दुसरी पद्मिनी विकत घेतली. पहिली चालत नव्हती. दुसरीही चालत नव्हती! कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून, कोनमार्गे, टेम्पोला टोचन लावून ती भिवंडीत आली तेव्हा गल्लीतली पोरं मागे धावत होती. आजी गॅलरीतून म्हणाली, "अरे, एक मेलेली पुरेना म्हणून दुसरी आणलीस का?"

आजीला समजावताना माझी पंचाईत झाली. इंग्रजीत अशा गाडीला 'डोनर' म्हणतात. मराठीत काय म्हणायचं? दाता? दानशूर? (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचे तोटे...) शेवटी मामानेच सोडवलं. "अगं आई, ही पार्टची गाडी. हिचे पार्ट काढून बाबांच्या गाडीला लावायचे." आजीला लगेच कळलं, कारण भिवंडीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. इथले कितीतरी पॉवरलूम मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले, सेकंडहँड आलेले. मामाच्या कारखान्यात कोपऱ्यातला एक लूम मी लहानपणापासून बंदच बघतेय. दुसरा कुठला अडला की जॉबर येतो, कोपऱ्यातल्या लूमचा हवा तो पार्ट काढतो आणि चालत्याला बसवतो. त्या लूमला कुणी 'डोनर' म्हणत नाही. म्हणतात, "राहू दे तो, लागतो."

आता गाडीबद्दल. आजोबांची पद्मिनी 1978 ची. एमएच सुरू व्हायच्या आधीचा, तीन अक्षरी नंबर. प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या लायसन्सवर 1100 बनायची, तीच 1974 पासून पद्मिनी नावाने विकली जाऊ लागली. 1089 सीसी, चार सिलिंडर, 68 मिमी बोअर आणि 75 मिमी स्ट्रोक (पाय आर स्क्वेअर लावून बघा, बरोबर येतं), स्टेअरिंगला गिअर, मागे पाटे. आजोबा गेल्यावर ती 11 वर्षं कारखान्याच्या भिंतीला लागून ताडपत्रीखाली उभी होती. रेडिएटरच्या जाळीत कापसाचं तूस इतकं बसलं होतं की गादी भरता आली असती. इंजिन मात्र थोडक्यात सुटलं. सगळी वाट लागली होती ती खालच्या पत्र्याची. ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट उचलला तर खाली जमीन दिसली.

पार्टची गाडी 1990 च्या दशकातली, एका घरच्या मालकाची. हिचं इंजिन जाम, पण पत्रा? कडक! चाचांनी (आमचे मिस्त्री, चाळीस वर्षं फियाटच उघडतायत) सगळीकडे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघितलं आणि हसले. मग मामाला बाजूला घेऊन जे म्हणाले त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

"फ्लोअर बदलने में पैसा क्यूँ डालता है? इसी पे अब्बा का नंबर लगा देते हैं."

म्हणजे काय, तर आजोबांच्या गाडीवरचा चॅसी नंबरचा तुकडा कापायचा, नवीन पत्र्यावर वेल्ड करायचा, वर पुट्टी, वर रंग. झालं! कागद आजोबांचे, गाडी दुसरी. मी म्हटलं, "चाचा, हे चुकीचं आहे." चाचा म्हणाले, "बेटा, नंबर तो सिर्फ पत्रा है." आणि खरं सांगू? त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. दरवाजा चालतो, गिअरबॉक्स चालतो, मागचा अख्खा अ‍ॅक्सल चालतो, मग दोन इंचांच्या पत्र्यालाच सोवळं कशासाठी?

उत्तर हॉस्टेलवर परत आल्यावर, लायब्ररीत सापडलं. जीपला खाली वेगळी फ्रेम असते, वर बॉडी बोल्टने बसते. पद्मिनीला तशी फ्रेम नाही. तिची बॉडी मोनोकॉक, म्हणजे फ्लोअर, खांब, छप्पर मिळूनच लोड घेतात. एसओएममध्ये आपण जो बॉक्स सेक्शन सोडवतो, तोच चार चाकांवर. त्यामुळे या गाडीत 'चॅसी' म्हणजे तो अख्खा डबा. नंबर त्या डब्याचं नाव आहे. डबा बदलला की नाव नेता येत नाही.

ब्रिटनमध्ये जोडकाम केलेल्या गाड्यांसाठी अनेक वर्षं एक गुणपद्धत वापरली गेली. आपल्यासारखीच, मार्कांची! चॅसी किंवा मोनोकॉक डब्याला 5 गुण, सस्पेन्शन 2, अ‍ॅक्सल 2, गिअरबॉक्स 2, स्टेअरिंग 2 आणि इंजिनला... 1! एकूण 14. जुना नंबर ठेवायचा तर मूळ गाडीचे किमान 8 गुण हवेत, आणि डबा मूळचा किंवा कंपनीचा नवाकोरा, तसाच्या तसा, असायलाच हवा. डब्यात केटी लागली तर बाकी सगळं मिळूनही पास नाही. आपण इंजिनला गाडीचं हृदय म्हणतो आणि या लोकांनी त्याला वर्कशॉपच्या टर्मवर्कएवढेही मार्क दिले नाहीत. पण विचार केला तर बरोबर आहे. इंजिन झिजण्यासाठीच असतं, ते बदलतंच.

फोनवर मी मामाला हे सगळं सांगितलं आणि वर आगाऊपणे म्हणाले, "मग उलटं करू ना. नवीनच गाडी आपल्या नावावर करून घेऊ, तिच्याच नंबरने चालवू. आजोबांची गाडी पार्टची होऊ दे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सरळ." मामा काहीच बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "जेवलीस का?" आणि फोन ठेवला.

अजूनही माझं मत तेच आहे. इंजिनिअर म्हणून विचाराल तर चांगला डबा जगवायचा आणि कुजलेला मोडायचा. पण त्या गाडीत मामा शाळेत गेलाय, त्याच्या लग्नाची वरात त्याच गाडीतून निघाली. त्याने तिसरा रस्ता घेतला. आजोबांचाच डबा ठेवला आणि फ्लोअर नवीन घातला. मापं मात्र दुसऱ्या गाडीवरून घेतली. चाचांनी तिच्या फ्लोअरवर पुठ्ठे ठेवून साचे कापले आणि त्यावरून पत्रा ठोकून वाकवला. दोन महिने गेले आणि ठरलेल्या खर्चाच्या दुप्पट खर्च झाला. चाचा आधी रागावले होते, पण काम त्यांनी असं केलं की वेल्ड कुठे आहे ते बोटाने शोधावं लागतं.

या सगळ्यातून माझ्यापुरता मी एक नियम केलाय. जे पान्याने निघतं आणि पान्याने बसतं ते खुशाल घ्या. जिथे गॅस कटर किंवा ग्राइंडर लागतो तिथे थांबा आणि विचार करा. उदाहरण देते. आजोबांच्या गाडीला डायनामो होता, दुसरीला अल्टरनेटर. डायनामो आयडलिंगला पुरेसा चार्ज देत नाही. कल्याण नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये रात्री उभं राहिलं की हेडलाईट पणतीसारखे होतात. आम्ही अल्टरनेटर बसवला आणि डायनामो तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला. उद्या कुणाला 'ओरिजिनल' हवी असेल तर तासाभराचं काम. कापलेला नंबर मात्र कुठल्या माळ्यावर ठेवणार?

हे सगळं भिवंडीचं झालं. आता आपल्या पार्किंगमध्ये या. आरएक्स 100 भारतात 1985 ते 1996 एवढीच बनली, तरी आपल्या हॉस्टेलच्या शेडमध्ये तिच्यावर जीव टाकणारे कमी नाहीत. त्यातल्या किती आतून-बाहेरून एकाच गाडीच्या आहेत? आमच्या बॅचच्या एकाने तिच्यात आरएक्स 135 चं इंजिन बसवलं. आवाज झक्कास! मागच्या सेमिस्टरला नाकाबंदीत पकडला गेला. आरसीवर 98 सीसी, खाली नंबर भलताच. हवालदाराने एकच प्रश्न विचारला, "हे इंजिन आणलं कुठून?" त्याच्याकडे बिल नव्हतं. ज्याने विकलं त्याचं नावही माहीत नव्हतं. त्या इंजिनाची मूळ बाईक कुठल्या पार्किंगमधून गेली असेल, कुणाची असेल, तो स्टँडवर बाईक शोधत किती वेळ उभा राहिला असेल... हा विचार निदान माझ्या तरी डोक्यात आधी कधी आला नव्हता. मित्रहो, इंजिन बदलण्याला माझा विरोध नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे परवानगी घेऊन ते आरसीवर चढवता येतं. विरोध आहे तो 'कुठून आलं ते विचारू नको' या वृत्तीला.

कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आरटीओची वकिली केल्यासारखं होईल. केंद्र सरकारने 2021 मध्ये 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. गाडी मूळ स्वरूपात हवी, डब्यात किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. छान. पण कुजलेला फ्लोअर तसाच्या तसा पुन्हा घडवणं हा फेरफार की दुरुस्ती? आजोबांची गाडी 2028 मध्ये पन्नाशीची होईल. तेव्हा तिथे बसलेला साहेब काय म्हणेल, कुणास ठाऊक! माझ्या मते कुर्ल्याच्याच कारखान्यातून आलेल्या बहिणीचा दरवाजा हा बाजारात मिळणाऱ्या फायबरच्या नकलेपेक्षा शंभर पट 'मूळ' आहे. आणि तोपर्यंत? साध्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 झाली, 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाडीला 10,000. सरळ वागणाऱ्याला इतकं महाग पडलं तर लोक चाचांचंच ऐकणार ना?

शिवाय पार्टच्या गाड्याही संपत चालल्यात. मुंबईच्या रस्त्यावरच्या पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांच्या अटीने एकेक करून बंद झाल्या. शेवटची 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली, तिची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. इतकी वर्षं त्या टॅक्सींचे दरवाजे, काचा, बंपर कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या दुकानांत येत राहिले (जिथे जन्मली तिथेच सुटी झाली, असं चाचा म्हणतात). तो झरा आता आटला. म्हणून मोडायला काढलेली प्रत्येक पद्मिनी महत्त्वाची. तिच्यातून काय काढलं, कुठल्या गाडीत गेलं, याची निदान एक यादी तरी राहावी. मामाच्या लूमच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर मी ती केली आहे. 41 वस्तू. शेवटची 'हॉर्नचं बटण'.

गणपतीत आजोबांची गाडी अंजूरफाट्यापर्यंत जाऊन परत आली. तिसरा गिअर मधेच सुटतो, मामा हाताने धरून ठेवतो. आजी मागच्या सीटवर बसली होती. ती फक्त म्हणाली की वास तोच आहे.

दुसरीचा रिकामा डबा अजून अंगणात आहे. दरवाजे नाहीत, काचा नाहीत, नंबर जागच्या जागी. गाडी कायमची बाद झाली की मालकाने आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते (कलम 55). कल्याणच्या त्या मूळ मालकांनी अर्ज दिलाय, उत्तर यायचंय. भंगारवाला दर आठवड्याला येतो, किलोचा भाव सांगतो. मामा त्याला चहा पाजतो आणि म्हणतो, "कागद येऊ दे, मग ठरवू."