जुन्या सोसायटीतील घर : खरेदी भिंतींची की सदस्यत्वाची?

विशेष प्रतिनिधी, मुंबई

दादर, माटुंगा, शीव, विलेपार्ले या भागांत १९५० ते १९७० च्या दरम्यान उभ्या राहिलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांमधील सदनिकांना मध्यमवर्गीय ग्राहकांची पसंती आजही कायम आहे. ऐसपैस खोल्या, खेळती हवा आणि रेल्वे स्थानकाचे सान्निध्य ही त्यामागील उघड कारणे. मात्र, अशा इमारतीत आपण नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न व्यवहाराच्या घाईत मागे पडतो.

संस्थेने स्वतः जमीन घेऊन बांधलेल्या इमारतीत जमीन आणि इमारत, दोन्ही संस्थेच्या मालकीची असतात. सदस्याकडे असतात ते संस्थेचे भाग आणि त्यांच्याशी निगडित असलेला सदनिकेच्या वापराचा हक्क. हा हक्क म्हणजे मालमत्ताच असून जप्तीद्वारे त्याची विक्रीही होऊ शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिला होता.

साहजिकच, करारनाम्याची नोंदणी झाली तरी सदस्यत्व मिळेपर्यंत व्यवहार अपुराच राहतो. पुरेशा कारणाविना सदस्यत्व नाकारता येत नाही आणि नकाराविरुद्ध निबंधकांकडे दाद मागता येते. मुंबईत हस्तांतरण अधिमूल्यावरही २००१ पासून कमाल २५ हजार रुपयांची मर्यादा आहे. 'ऐच्छिक देणगी'च्या नावाखाली अधिक रकमेचा आग्रह धरणे नियमबाह्य ठरते.

खरी मेख आहे ती इमारतीच्या वयात. आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंडाची किमान वर्गणी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक पाव टक्का असते. हा खर्च मूळ बांधकामाचा धरला जातो. समजा, १९६० मध्ये तो २० हजार रुपये होता, तर वर्षाची वर्गणी होते अवघी ५० रुपये आणि साठ वर्षांची मुद्दल तीन हजार रुपये! सर्वसाधारण सभेने वेळीच वर्गणी वाढविली नसेल, तर गंजलेल्या सळया आणि गळक्या गच्चीचा खर्च अखेर सदस्यांच्याच, म्हणजे नव्या खरेदीदाराच्याही खिशातून जातो. तीस वर्षांवरील इमारतींचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण अपेक्षित आहे. त्याचा ताजा अहवाल सदनिकेच्या दरापेक्षा कमी महत्त्वाचा नाही.

पुनर्विकासाच्या आशेने चढा दर मोजणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे. जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे काय, जमीन शासनाची किंवा भाडेपट्ट्याची असल्यास कोणत्या परवानग्या लागतील, याची उत्तरे कागदावरच मिळायला हवीत. २०१९ च्या शासन निर्देशांनी संमतीची अट ५१ टक्क्यांवर आणली असली, तरी सदस्यांमधील वाद त्यामुळे मिटत नाहीत.

म्हणूनच भाग दाखला आणि पूर्वीच्या करारांच्या साखळीबरोबरच सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि लेखापरीक्षण अहवाल पाहणे हिताचे ठरेल. सदनिकेची अवस्था एका भेटीत दिसते. संस्थेची अवस्था मात्र याच कागदपत्रांतून उलगडते.