शब्दांच्या जुड्या

गेल्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी शाहूपुरीतल्या घरी आली. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, आता एम.ए.चा लघुप्रबंध इंग्रजीत. मार्गदर्शकांनी एक प्रकरण परत केलं होतं. 'ऑन द अदर हँड' अकरा ठिकाणी लाल पेनानं गोल केलेलं, शेजारी शेरा : 'घोकंपट्टी'. तिनं विचारलं, "सर, माझं इंग्रजी चोरीचं आहे का?"

मी इंग्रजीचा मास्तर नव्हे. पण तिला विचारलं, उर्दू निबंधात 'जहाँ तक तालीम का ताल्लुक़ है' लिहायचीस, ते कुणाकडून चोरलंस? मराठी अर्जात 'वरील विषयास अनुसरून' लिहितो तेव्हा आपण एकेक शब्द निवडत बसतो का? कोथिंबिरीसारखी अख्खी जुडीच हाताला लागते.

इंग्रजीतल्या अशा जुड्या डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी १९९९ च्या लाँगमन व्याकरणात मोजल्या. चार शब्द त्याच क्रमानं दहा लाख शब्दांत किमान दहा वेळा आणि किमान पाच वेगवेगळ्या लेखनांत आले, तरच ती जुडी. विद्वानांच्या लेखनाचा सुमारे पाचवा भाग तीन-चार शब्दांच्या जुड्यांचा निघाला. म्हणजे घोकंपट्टी म्हणायचीच तर ती सगळ्यांची आहे.

अशा मोजणीला लागणारा शब्दसाठा आपल्या गावातही तयार झाला आहे. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या पुढाकारानं १९७८ साली भारतात छापलेल्या इंग्रजीतून प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० उतारे निवडले गेले. एकूण दहा लाख शब्द. जगभरचे भाषाभ्यासक त्याला 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणतात. आपण पाहुण्यांना तांबडा-पांढरा सांगतो, हे सांगत नाही.

चोरीची भीतीही निराधार. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक नियम योगायोगानं जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे वगळायला सांगतात. 'ऑन द अदर हँड' चारच शब्दांचं.

तरीही लाल पेन सगळंच चुकीचं नव्हतं. तिनं लिहिलं होतं : मुलींची हजेरी वाढली, 'ऑन द अदर हँड' निकालही सुधारला. इथे दुसरी बाजू कुठे आहे? जुडी वापरली हा दोष नाही, तिच्याकडे चारच जुड्या आहेत ही अडचण आहे. 'टु द एक्स्टेंट दॅट', 'इन द केस ऑफ', 'ॲज अ रिझल्ट ऑफ' या तिच्या हाताशीच नव्हत्या. ज्या घरात इंग्रजी पुस्तकं वाचली जातात, तिथल्या मुलांच्या कानावर त्या फुकट पडतात. दखनी बोलणाऱ्या आमच्या घरांत त्या कुणीतरी मुद्दाम द्याव्या लागतात.

आणि शाळेत आम्ही काय देतो? सुटे शब्द. मीही वर्षानुवर्षं फळ्यावर 'अनुषंग = संबंध' असं लिहिलं. मुलांना अर्थ पाठ झाला. 'त्या अनुषंगाने' मात्र एकाच्याही वहीत उतरलं नाही. तिला घोकंपट्टीचा शेरा मिळाला, मला कुणी दिला नाही.

त्या संध्याकाळी तिच्या विषयावरचे तीन शोधनिबंध घेऊन बसलो. तिन्हींत येणारी जुडी तेवढी वहीत लिहायची, आणि शेजारी तिच्या आधीचं व नंतरचं पूर्ण वाक्य. मगरिबपर्यंत सतरा झाल्या. अकरापैकी चार 'ऑन द अदर हँड' तिनं स्वतःच खोडले, सात तसेच ठेवले. सोमवारी ती प्रकरण परत नेणार आहे.